गंगाखेडचे चौदा दिवस



टेंबे स्वामी महाराजांवर आपल्या अंकात दर वर्षी एखादा तरी लेख असतोच. बहुतेक लेख चमत्कारांवर, काही स्तोत्रांवर. मला या वेळी महाराजांच्या संसाराबद्दल लिहायचं आहे. संन्याशाच्या संसारावर काय लिहिणार, असं देवळात एका भगिनींनी विचारलंही. पण महाराज काही जन्मतः संन्यासी नव्हते. छत्तिशी उलटेपर्यंत ते गृहस्थ होते. सोळा वर्षं त्यांनी संसार केला. तो संसार कसा संपला ते आपण चरित्रात फार भरभर वाचतो, कारण पुढे संन्यास, तीर्थयात्रा, ग्रंथ असं सगळं मोठं मोठं असतं. मी मात्र त्या एका पानावर बरेच दिवस अडकून होतो. का, ते पुढे येईलच. मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. होऊन जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस, त्यामुळे हिशेब मांडायची सवय आहे, तेवढी वाचकांनी चालवून घ्यावी.

महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६ चा, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४. गाव माणगाव, तेव्हाचं सावंतवाडी संस्थान, आताचा सिंधुदुर्ग जिल्हा. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घर भिक्षुकाचं, म्हणजे खाऊन-पिऊन शिल्लक राहील असं नव्हे. वडिलांचा सगळा ओढा गाणगापूरकडे. ते तिथे जाऊन दीर्घकाळ राहत. त्यामुळे दत्तभक्ती घरात होतीच, पण घर चालवायची ओढाताणही होती. वासुदेवाची मुंज झाली, वेदाध्ययन झालं, याज्ञिकी आली, ज्योतिष आलं. एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वडील गेले. थोरला मुलगा म्हणून प्रपंचाचा भार वासुदेवशास्त्र्यांवर आला.

नरसोबाच्या वाडीला त्यांचं जाणं-येणं सुरू झालं ते या काळात. तिथे गोविंदस्वामींचा सहवास मिळाला. वाडीहून परतताना वाटेत कागलला मूर्तिकाराकडून त्यांना दत्तमूर्ती मिळाली, ती घेऊन ते माणगावला आले, आणि १८८३ साली तिथे दत्तमंदिर उभं राहिलं. ते मंदिर पाहिलेले आपल्यातले बरेच जण आहेत. पुढची सुमारे सात वर्षं माणगाव गजबजलेलं होतं. लांबलांबून माणसं येत. कुणाला पत्रिका दाखवायची, कुणाचं दुखणं, कुणाच्या घरातली बाधा. उत्सव होत, पंक्ती उठत.

पंक्ती उठत हे चरित्रात एका ओळीत येतं. पण पंक्ती म्हटली की चूल कुणाच्या अंगावर येते, हे आपल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. अन्नपूर्णाबाईंबद्दल चरित्रकारांनी फार थोडं लिहिलं आहे. त्यांना काय वाटायचं, त्या कशाला हसायच्या, काही म्हणजे काही नाही. नावाप्रमाणे त्यांनी माणसं जेवू घातली असणार, एवढंच आपण धरून चालायचं. त्यांना मुलगा झाला तो मृत. दुसरं मूल नाही. ही गोष्टही चरित्रात एका ओळीचीच आहे.

१८८९ साली महाराजांनी माणगाव सोडलं. दत्तप्रभूंची तशी आज्ञा झाली अशी आपली परंपरागत समजूत. उभं केलेलं देऊळ, जमलेली माणसं, सगळं मागे ठेवून दोघं नवरा-बायको निघाली. गाव नाही, शेत नाही, मांडीवर मूल नाही. तीर्थं करत करत वाडी, पंढरपूर अशा वाटेने ती दोघं गोदावरीकाठी गंगाखेडला येऊन पोचली. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव, परभणी जिल्ह्यातलं.

तिथे अन्नपूर्णाबाईंना दुखणं आलं आणि शके १८१३ च्या वैशाख वद्य चतुर्दशीला, म्हणजे १८९१ साली, त्या गेल्या.

इथे थोडं थांबू. महाराजांनी त्याआधीच गुरुचरित्र संस्कृतात, दोन हजार श्लोकांत आणलं होतं. ते गुरुचरित्र, ज्यात शिरोळच्या ब्राह्मण स्त्रीचं गेलेलं मूल औदुंबरापाशी उठतं, ज्यात माहूरच्या सावित्रीचा नवरा गाणगापूरला प्राण सोडतो आणि गुरुकृपेने परत उठून बसतो. आपण सप्ताहात हे अध्याय वाचतो तेव्हा आवाज भरून येतो. महाराजांनी तर ते नुसते वाचले नव्हते, एकेक प्रसंग छंदात बसवला होता. असा माणूस गोदावरीच्या काठावर बायकोचं प्रेत समोर ठेवून बसला आहे आणि कोणी उठत नाही. मूल उठलं नाही, बायको उठली नाही.

हा प्रश्न आपल्या देवळात मोठ्याने कोणी विचारत नाही. मनात मात्र पुष्कळांच्या असतो. इतकी वर्षं सेवा केली, गुरुवार केले, पारायणं केली, मग माझ्याच घरात असं का? महाराजांनी याचं उत्तर कुठे लिहून ठेवलं आहे का, म्हणून मी शोधलं. मला सापडलं नाही. जे सापडलं ते त्यांच्या वागण्यात.

मूलबाळ नाही म्हणजे क्रिया नवऱ्यानेच करायची. महाराजांनी ती केली. परक्या गावात, नदीकाठी, दहाव्यापर्यंतचे पिंड, अकरावं, बारावं, तेरावं, सगळं यथासांग. दुःख झालेला माणूस बरेचदा म्हणतो की मला काही सुचत नाही, तुम्हीच उरका. महाराज स्वतः याज्ञिक होते, दुसऱ्यांच्या घरी हेच विधी त्यांनी कितीदा चालवले असतील. आता यजमान तेच. तेरा दिवस त्यांनी नवरा म्हणून जे जे देणं लागत होतं ते दिलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. संन्यास घेणाऱ्याला आधी अष्टश्राद्ध करावं लागतं आणि त्यात स्वतःचंही श्राद्ध असतं. म्हणजे पत्नीचे पिंड देऊन झाले, त्यापाठोपाठ स्वतःचे.

कीर्तनात हा प्रसंग असा सांगतात की पत्नी गेली, पाश तुटला, महाराज मोकळे झाले. मला हे ऐकवत नाही. मोकळं व्हायचं असतं तर ते त्याआधीही जाऊ शकले असते. घरातून न सांगता निघून गेलेले साधू आपल्याकडे थोडे नाहीत. हे दोन वर्षं बायकोला बरोबर घेऊन हिंडत होते. तिचं शेवटचं सगळं होईपर्यंत एक दिवसही इकडे-तिकडे झाले नाहीत.

माझी पत्नी जाऊन पाच वर्षं झाली. बारा-तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सकाळी मुलगा पुण्याला गेला, मुलगी नालासोपाऱ्याला सासरी गेली, आणि दुपारी घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आमच्या चिंचोटीत हायवेच्या ट्रकांचा आवाज रात्रंदिवस असतो, तो त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. नंतर आठवड्याभराने बँकेत गेलो. संयुक्त खात्यातून तिचं नाव कमी करायचं होतं. काउंटरवरची मुलगी मला समजावून सांगायला लागली, काका, मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागेल, इथे सही, तिथे सही. ते फॉर्म मी आयुष्यभर लोकांकडून भरून घेतले होते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ हे शब्द खातेपुस्तकावर हजार वेळा लिहिले असतील. त्यातला सर्व्हायव्हर म्हणजे कोण, ते त्या दिवशी कळलं.

तर त्या सुमारास मी चरित्रातलं ते गंगाखेडचं पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. आपल्याला संन्यास घ्यायचा नाही, घेता येणार नाही. गुडघे दुखतात, बी.पी.ची गोळी आहे. मग चौदाव्या दिवसानंतर महाराजांनी काय केलं ते तरी बघू, असं म्हणून मी नकाशा घेऊन बसलो.

गंगाखेडहून ते उज्जैनला गेले. तिथे नारायणानंद सरस्वतींकडून त्यांनी दंड घेतला आणि वासुदेवशास्त्री टेंबे यांचे वासुदेवानंद सरस्वती झाले. नकाशावर सरळ रेघ मारली तरी गंगाखेड ते उज्जैन पावणेपाचशे किलोमीटर भरतं, आणि वाट काही सरळ नसते. हे सगळं पायी. वाहनात बसायचं नाही, पैशाला शिवायचं नाही, पायात काही नाही, भिक्षा मिळेल ती. त्यातून संग्रहणीचा विकार पाठीला लागलेला. आपल्यापैकी ज्यांना पोटाचं दुखणं आहे त्यांना कळेल की अशा माणसाने रोजचं अन्न अनोळखी घरांवर सोडणं म्हणजे काय.

संन्याशाने पावसाळ्यात चार महिने एका जागी राहायचं. पहिला चातुर्मास उज्जैनला १८९१ चा, शेवटचा गरुडेश्वरला १९१३ चा. मोजले तर तेवीस भरतात. मधली नावं नुसती वाचली तरी दम लागतो. कानपूरजवळचं ब्रह्मावर्त, हिमालयाच्या पायथ्याचं हरिद्वार, पश्चिमेला द्वारका, मराठवाड्यात नामदेवांचं नरसी, विदर्भात पवनी, दक्षिणेत तंजावर, आंध्रात मुक्त्याला, कर्नाटकात हावनूर, कृष्णेच्या बेटातलं कुरवपूर. आपल्याकडे तुंगारेश्वरावर पाऊस उतरला की धबधब्याची वाट धोक्याची होते, आणि आपण नायगाव स्टेशनला जायलासुद्धा रिक्षा बघतो. असो.

पण पायपिटीपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लिखाण. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार हे ग्रंथ आपल्या परिचयाचे आहेत. सप्तशतीच्या ओव्यांमधून गीतेचा पंधरावा अध्याय अक्षरं निवडून गुंफलेला आहे, त्यावर जाणत्यांनी लिहावं. गुळवणी महाराजांनी पुढे हे सगळं वाङ्मय जमवून छापलं तेव्हा त्याचे बारा खंड झाले. संन्याशाच्या झोळीत शाईदौत बाळगून, या गावाहून त्या गावी चालत लिहिलेले बारा खंड.

या बारा खंडांत वेदान्त आहे, कर्मकांड आहे. पण आपण रोज जे म्हणतो ते काय आहे बघा. मंत्रात्मक श्लोक आहेत. एक कर्जातून सुटण्यासाठी, एक दारिद्र्य जाण्यासाठी, एक आजार जाण्यासाठी, एक बाधा जाण्यासाठी. घोरकष्टोद्धारण स्तोत्र आहे, १९११ साली कुरवपूरच्या चातुर्मासात केलेलं, पाच श्लोकांचं, संकटात सापडलेल्या माणसाला तोंडपाठ व्हावं इतकं लहान. मन ठिकाणावर नसेल त्याच्यासाठी आहे, हातून अपराध घडला त्याच्यासाठी आहे. हे सगळे विषय संन्याशाचे आहेत का? ज्याच्याकडे पैसा नाही त्याला कर्ज कुठलं? हे घरातल्या माणसांचे विषय आहेत. मी शेवटची आठ वर्षं कर्जखात्याच्या टेबलावर होतो. हप्ता थकलेला माणूस समोर येऊन बसला की त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. त्या माणसाला रात्री झोप लागावी म्हणून एका संन्याशाने श्लोक करून ठेवला.

आणि मुलांसाठी आहे. त्या श्लोकात शिरोळच्या बाईची तीच कथा आहे, गुरूंनी मेलेलं मूल जिवंत केल्याची. ज्यांना मूल होत नाही, होऊन जगत नाही, अशी जोडपी तो म्हणतात. ज्याचं स्वतःचं मूल उठलं नाही त्याने तो श्लोक लिहिला आहे. मला हे प्रथम लक्षात आलं तेव्हा मी पोथी मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. कडवटपणा कुठे नाही. माझ्या वेळी का नाही, असा सूर कुठे नाही. आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळावं म्हणून त्याच कथेचा आधार घेतला आहे आणि पूर्ण विश्वासाने घेतला आहे.

करुणात्रिपदीही अशीच. १९०५ साली वाडीला उत्सवात काही प्रमाद घडला, देवाचा कोप झाला असं सगळ्यांच्या मनाने घेतलं, तेव्हा महाराजांनी ही तीन पदं केली. चूक त्यांची नव्हती. पण क्षमा त्यांनी मागितली, सगळ्यांच्या वतीने, लेकराने आईबापांपुढे हट्ट धरावा तशी. आपल्या देवळात रात्री शेजारतीच्या आधी ती म्हटली जाते. सात-आठ म्हातारी माणसं, दोन-तीन पोरं, एक हार्मोनियम. गेली पाच वर्षं मी त्यातला एक दिवस चुकवलेला नाही. फार मोठी भक्ती म्हणून नव्हे. आधी तर घरी जायला नको वाटायचं म्हणून मी शेवटपर्यंत थांबायचो.

तिथे थांबल्याने एक झालं. एका बाईंचे यजमान वारले, त्यांच्या पेन्शनचं अडलं होतं. त्यांनी मला कागद दाखवले. मग दुसऱ्या आल्या, मुदत ठेवीवर वारसाचं नाव नव्हतं. आता गुरुवारी आरतीनंतर मी सभामंडपात कोपऱ्यात चष्मा लावून बसतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते. हल्ली ते मोबाईलवर होतं म्हणे, पण ज्यांना ते जमत नाही त्यांनी काय करायचं? त्यांची मी मॅनेजरसाहेबांच्या नावाने चिठ्ठी लिहून देतो. महाराजांच्या कामाशी याची तुलना नाही, कोणी करूही नये. पण चौदाव्या दिवसानंतर दिवस कसा घालवायचा, हा माझा प्रश्न त्या कोपऱ्यात थोडाफार सुटला.

महाराजांच्या भोवतीही अशी माणसं जमत गेली. धाकटे बंधू सीताराम महाराज त्याच वाटेने आले. कोल्हापूरकडचे गुळवणी महाराज, इंदूरचे नाना महाराज तराणेकर, नृसिंह सरस्वती दीक्षित स्वामी. नारेश्वरचे रंग अवधूत महाराज तर अगदी बालवयात दर्शनाला आले होते. लहानपणीच वडील गेलेलं पोर ते. या सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी परंपरा वाढवली. नीट पाहिलं तर महाराष्ट्रात, गुजरातेत, माळव्यात आज जे दत्तभक्तांचं कुटुंब आहे त्यातलं बरंचसं थोरल्या महाराजांपासून वाढलेलं आहे.

गरुडेश्वरला नर्मदेच्या काठी आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, म्हणजे जून १९१४ मध्ये महाराज समाधिस्थ झाले. साठ पूर्ण व्हायला दीड-दोन महिने होते. बँकेत आम्ही साठीला निवृत्त होतो, तेव्हा लोक पुष्पगुच्छ देऊन आता आराम करा म्हणतात. महाराजांचं तोवर सगळं करून झालं होतं.

गरुडेश्वर आपल्याला लांब नाही. आपला हा चिंचोटीचा हायवेच पुढे मनोर, वापी, सुरत करत अंकलेश्वरला जातो. तिथून उजवीकडे राजपीपळ्याच्या रस्त्याला लागायचं. सरदार पटेलांचा पुतळा पाहायला केवडियाला जाणाऱ्या बसेस गरुडेश्वरजवळूनच जातात. ज्यांनी अजून दर्शन घेतलं नसेल त्यांनी पुतळ्याच्या निमित्ताने का होईना, तास-दोन तास तिथे उतरावं. घाटाच्या पायऱ्यांवर बसावं. नर्मदा तिथे शांत असते.

गंगाखेडला मात्र आपल्या भागातून फारसं कोणी जात नाही. तिथे गोदावरीच्या काठी अन्नपूर्णाबाईंची समाधी आहे. परभणीपर्यंत मुंबईहून थेट गाड्या आहेत, आणि परभणी-परळी मार्गावर गंगाखेड स्टेशन लागतं. मी अजून गेलेलो नाही. या वैशाखात वद्य चतुर्दशीला पोचायचं असा बेत आहे. गुडघ्यांनी साथ दिली तर मुलगीही येते म्हणाली आहे. आणखी कोणाला यायचं असेल तर गुरुवारी आरतीनंतर मी सभामंडपात असतोच.